झांगीफ कमकुवत आहे का? जाणत्या प्रतिस्पर्ध्यासमोर पात्र कसे जोखावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘स्ट्रीट फायटर ६’ या दोघांच्या लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये तुम्ही वर्षभर झांगीफ हे पहिलवान पात्र खेळत आहात. मित्रांविरुद्ध आणि प्लॅटिनम श्रेणीपर्यंतच्या रँक्ड, म्हणजे श्रेणी ठरवणाऱ्या, सामन्यांत तो तुम्हाला जिंकून देत होता, पण त्यावरच्या डायमंडमध्ये आल्यापासून गाइल आणि जेपी ही लांबून मारा करणारी पात्रे खेळणाऱ्यांपुढे काही चालेनासे झाले आहे. गाइलविरुद्धच्या शेवटच्या दहा सामन्यांपैकी सात तुम्ही हरलात. तेव्हा पात्रच कमकुवत आहे का, त्याची खरी बलस्थाने आणि उणिवा कोणत्या, आणि आता पात्र बदलावे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

झांगीफसारखी, जवळ जाऊन पकडण्यावर जगणारी पात्रे मी बरीच वर्षे स्पर्धांमधून खेळत आलो आहे, आणि गेली काही वर्षे नव्या खेळाडूंसोबत बसून त्यांचे रिप्लेही पाहतो. त्या अनुभवावरून सांगतो की पात्र किती ताकदवान आहे, हा मुळातला प्रश्न नाही. तुमचे पात्र काय काय करू शकते हे समोरच्याला पूर्ण माहीत असताना त्यातले किती शिल्लक उरते, हा खरा प्रश्न आहे. प्लॅटिनमपर्यंत तुम्ही जे जिंकलात त्यातला काही भाग झांगीफचा होता, काही भाग तुमचा होता आणि काही भाग प्रतिस्पर्ध्याच्या अज्ञानाचा होता. डायमंडमध्ये तो तिसरा भाग गळून पडला आहे. पात्राचे मूल्यमापन करायचे म्हणजे हे तीन भाग एकमेकांपासून वेगळे करायचे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुम्ही क्लासिक नियंत्रणे वापरता की मॉडर्न, यावर बरेच ठरते. क्लासिकमध्ये स्क्रू पाइलड्रायव्हर या झांगीफच्या मुख्य पकडीसाठी पूर्ण वर्तुळ फिरवावे लागते, त्या वर्तुळात ‘वर’ची दिशा येते, आणि उभ्या उभ्या ते नीट जमले नाही तर झांगीफ पकडण्याऐवजी उडी मारतो. मॉडर्नमध्ये तीच मूव्ह एका बटणावर मिळते, मात्र असा शॉर्टकट वापरला की स्पेशल मूव्हचे डॅमेज (समोरच्याला होणारी इजा) २० टक्क्यांनी घटते. म्हणजे एकाच पात्राच्या एकाच मूव्हचे मूल्य दोन खेळाडूंसाठी वेगळे असते. नेटवर्कच्या विलंबाचाही असाच परिणाम होतो. हा गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे चित्रांनी, चालतो, त्यामुळे चार-पाच फ्रेमचा विलंब कानाला क्षुल्लक वाटला तरी समोरून आलेल्या हालचालीला बघून उत्तर देण्याची तुमची संधी तो खाऊन टाकतो. शिवाय पॅचनुसार, म्हणजे गेममधल्या दुरुस्त्यांनुसार, आकडे बदलत राहतात, म्हणून मूव्हचे आकडे कोणाच्या सांगण्यावरून न घेता प्रॅक्टिस मोडमधल्या फ्रेम मीटरवर स्वतः पाहावेत.

दहापैकी सात पराभवांबद्दल आधी एक सांगून टाकतो, कारण तुमचा निष्कर्ष त्यावरच उभा आहे. दोन खेळाडू अगदी तुल्यबळ असतील आणि प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा समसमान असेल, तरीही त्यातल्या एकाच्या वाट्याला दहापैकी सात किंवा त्याहून अधिक पराभव येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते, म्हणजे साधारण सहात एकदा. तेवढ्यावरून पात्राविषयी काहीही ठरवता येत नाही. हरलेल्या सामन्यांत काय घडले, त्यावरून मात्र बरेच ठरवता येते.

आता बलस्थानांकडे येऊ. माझी पद्धत अशी आहे की पात्राची एखादी जमेची बाजू समोर आली की मी तिला दोन प्रश्न विचारतो. पहिला, प्रतिस्पर्ध्याचे सर्वोत्तम उत्तर कोणते? दुसरा, त्याने ते उत्तर दिले तर मला किती किंमत मोजावी लागते, आणि ते उत्तर देण्यासाठी त्याला स्वतःला कशाचा धोका पत्करावा लागतो? उत्तर फुकटचे असेल, म्हणजे एकदा कळले की प्रत्येक वेळी बिनधोक देता येत असेल, तर ते बलस्थान नव्हते. ती केवळ समोरच्याच्या माहितीची परीक्षा होती. उत्तर देताना त्यालाही जुगार खेळावा लागत असेल, तर ते खरे बलस्थान.

झांगीफची हेल्थ, म्हणजे हरण्याआधी तो किती मार सोसू शकतो ते, घ्या. बहुतेक पात्रांची १०,००० असताना त्याची ११,००० आहे आणि अकुमा या पात्राची ९,०००. लोक हे मोठे बळ मानतात. पण साध्या थ्रोचे, म्हणजे सगळ्याच पात्रांना येणाऱ्या पकडून आपटण्याचे, डॅमेज १,२०० असते, म्हणजे ही जादाची शिल्लक एका साध्या थ्रोलाही पुरत नाही. ती उपयोगी आहे, पण जाणत्या प्रतिस्पर्ध्याला तिच्यामुळे वेगळे काही करावे लागत नाही, म्हणून तिच्या भरवशावर पुढे घुसण्याची सवय महागात पडते.

स्क्रू पाइलड्रायव्हरचे तसे नाही. ही मूव्ह पाच फ्रेममध्ये लागते, ब्लॉक करता येत नाही, आणि साध्या थ्रोसारखी बटण दाबून सोडवताही येत नाही. हलक्या पंचने केली तर सर्वात लांबून पकडते, जड पंचने केली तर जवळूनच पकडते पण जास्त दुखावते. ‘स्ट्रीट फायटर ६’च्या नियमांत तिला आणखी एक महत्त्व आहे, आणि ते फार थोडे खेळाडू मोजतात. या गेममधली दोन सार्वत्रिक हत्यारे, ड्राइव्ह पॅरी आणि ड्राइव्ह इम्पॅक्ट, दोन्ही पकडीपुढे हरतात. पॅरी सगळे फटके झेलते, पण पॅरी धरलेल्याला थ्रो केले तर तो पनिश काउंटर, म्हणजे जादा इजेचा फटका, ठरतो आणि साध्या थ्रोचे डॅमेजही १,२०० वरून २,०४० वर जाते. ड्राइव्ह इम्पॅक्ट दोन फटके पचवून पुढे येतो, पण त्याला लागायला २६ फ्रेम लागतात आणि पकड तो पचवू शकत नाही. म्हणजे इतर पात्रांसमोर जवळच्या अंतरावर ज्या दोन गोष्टींचा प्रतिस्पर्ध्याला आधार असतो, त्या झांगीफसमोर डळमळीत होतात. हे बळ तुमच्या बोटांच्या चपळाईवर किंवा समोरच्याच्या अज्ञानावर उभे नाही. ते गेमच्या मांडणीतच आहे, म्हणून ते वरच्या पातळीवरही टिकते.

तरीही ते तुमच्या हातून वाया कसे जात असेल, याचा अंदाज मला एका रिप्लेवरून येतो. माझ्याकडे शिकणाऱ्या एका खेळाडूने केन या पात्राला कॉर्नरमध्ये, म्हणजे स्टेजच्या टोकाला, दाबले होते. घड्याळात ४१ सेकंद शिल्लक होते. त्याने हलकी लाथ मारली, केनने ती ब्लॉक केली, आणि याने लगेच वर्तुळ फिरवले. झांगीफचे दोन्ही हात पुढे आले आणि रिकाम्या हवेवर मिटले, कारण केन सरळ वर उडाला होता. हुकलेल्या या पकडीतून सावरायला झांगीफला जवळपास एक सेकंद लागतो. केन खाली उतरला, सावकाश पूर्ण कॉम्बो (जोडून मारलेल्या फटक्यांची मालिका) मारला, आणि झांगीफ स्टेजच्या मध्यावर जाऊन पडला. त्याच फेरीत हे तीन वेळा घडले. तिसऱ्या वेळी मी रिप्ले थांबवला, तेव्हा तो म्हणाला की पकडीची रेंज कमी पडली. रेंज तिन्ही वेळा पुरेशी होती. हलकी लाथ आली की उडायचे, एवढे केनला पहिल्या वेळेनंतर पाठ झाले होते, आणि उडणाऱ्याला शिक्षा देणारा फटका आमच्या खेळाडूने एकदाही मारला नव्हता. नोंद मात्र त्याने ‘पात्राची उणीव’ अशी केली होती.

इथे थोडे गणित मांडतो, कारण माझ्या मते ग्रॅपलर, म्हणजे पकडीवर जगणाऱ्या, पात्रांचे मूल्यमापन सर्वाधिक इथेच चुकते. सोयीसाठी आकडे काल्पनिक घेऊ. तुमच्याकडे दोन पर्याय आहेत, पकड किंवा थोडा उशिरा मारलेला फटका. समोरच्याकडेही दोन आहेत, ब्लॉक करून बसणे किंवा उडी. पकड केली आणि तो बसून राहिला तर तुम्हाला ३,००० मिळतात. पकड केली आणि तो उडाला तर तुम्ही २,५०० गमावता. फटका मारला आणि तो बसून राहिला तर काहीच होत नाही. फटका मारला आणि तो उडत होता तर तुम्हाला १,५०० मिळतात. दोघेही अचूक खेळले तर तुम्ही पकड किती वेळा करावी? उत्तर येते सुमारे २१ टक्के, म्हणजे पाचात एकदा. उरलेल्या चार वेळा फटका. आणि पकडीचे डॅमेज वाढवून ४,००० केले तर हे प्रमाण वाढत नाही, उलट १९ टक्क्यांच्या आसपास उतरते, पण प्रत्येक संधीमागची तुमची सरासरी कमाई सुमारे ६४० वरून ७५० पर्यंत चढते.

म्हणजे पकड जितकी भयंकर, तितकी ती कमी वेळा करायची, आणि तरीही तिची किंमत वाढतच जाते, कारण तिच्या भीतीने समोरचा जास्त उडू लागतो आणि तुमचे फटके कमाई करू लागतात. खालच्या पातळीवर प्रतिस्पर्धी उडतच नाही, म्हणून तिथे पकडीचा सपाटा लावणे योग्य ठरते आणि त्याची सवय लागते. वरच्या पातळीवर तीच सवय तुम्हाला बुडवते, आणि बाहेरून पाहताना पात्र बुडाल्यासारखे दिसते. तुमच्या रिप्लेमध्ये जवळ पोहोचल्यावर दर दोन संधींत एक पकड दिसत असेल, तर झांगीफच्या ताकदीविषयी तुम्हाला अजून काही कळलेलेच नाही असे समजा.

उणिवांबाबत मी एक भेद काटेकोरपणे पाळतो. काही उणिवा साधनसंपत्ती खर्च करून भरून काढता येतात आणि काही येत नाहीत. झांगीफची चाल आणि डॅश मंद आहेत. ही त्याच्या शरीराचीच मर्यादा आहे, पण ड्राइव्ह रश ही झपाट्याने पुढे धावण्याची हालचाल वापरून तिच्यावर काही क्षण मात करता येते. अशा हालचालींसाठी खर्च होणाऱ्या ड्राइव्ह या साठ्याच्या सहा पट्ट्यांपैकी एक पट्टी पॅरीतून निघणाऱ्या ड्राइव्ह रशला जाते, आणि फटका मध्येच तोडून तोच केला तर तीन. म्हणून ‘तो जवळ जाऊ शकत नाही’ हे विधान चूक आहे. तो जवळ जाऊ शकतो, पण प्रत्येक वेळी भाडे भरून. तेव्हा प्रत्येक प्रवेशासाठी किती हेल्थ आणि किती ड्राइव्ह खर्च झाले आणि आत गेल्यावर काय मिळाले, हे मोजले पाहिजे. दोन पट्ट्या आणि १,५०० हेल्थ देऊन आत गेलात आणि एका ब्लॉक झालेल्या फटक्यानंतर पुन्हा बाहेर ढकलले गेलात, तर तो व्यवहार तोट्याचा आहे. असे तीन-चार व्यवहार झाले की तुम्ही बर्नआउटमध्ये, म्हणजे ड्राइव्ह पूर्ण संपलेल्या अवस्थेत, जाता. मग तुमच्या ब्लॉकवर प्रतिस्पर्ध्याला चार फ्रेमचा जादा फायदा मिळतो, ब्लॉक केलेल्या स्पेशल मूव्हही हेल्थ कुरतडतात, आणि ओव्हरड्राइव्ह मूव्ह, म्हणजे ड्राइव्ह खर्चून करायच्या जास्त ताकदीच्या मूव्ह, बंद होतात. या अवस्थेतला झांगीफ खरोखर दुबळा असतो, पण तिथे तो कोणत्या व्यवहारांमुळे पोहोचला हे आधी पाहायला हवे.

भरून न निघणारी उणीव घड्याळाची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. फेरी ९९ सेकंदांची असते. प्रतिस्पर्ध्याने एकदा हेल्थमध्ये आघाडी घेतली की त्याला पुढे येण्याचे कारणच उरत नाही, आणि ज्याच्याकडे लांबून मारण्याचे साधन नाही त्याला धोका पत्करून चालत जाणे भाग पडते. म्हणून मी झांगीफला दोन वेगळी पात्रे समजून जोखतो. एक आघाडीवर असलेला, ज्याच्याकडे समोरच्याला यावे लागते, आणि एक पिछाडीवर असलेला. पहिला अतिशय भक्कम आहे. दुसरा या गेममधल्या सर्वात कष्टाच्या पात्रांपैकी आहे. तुम्ही गाइलविरुद्ध हरलेल्या सात सामन्यांत पहिला मोठा फटका कोणाला लागला, एवढेच आधी लिहून काढा. बहुतेक फेऱ्यांत तो तुम्हाला लागलेला असेल, तर तुमची अडचण शेवटच्या तीस सेकंदांत नसून पहिल्या दहा सेकंदांत आहे.

आता या दोन मॅचअपविषयी, म्हणजे झांगीफविरुद्ध गाइल आणि झांगीफविरुद्ध जेपी या लढतींविषयी. गाइलच्या सोनिक बूम या लांबून फेकायच्या हल्ल्यासाठी मागची दिशा काही काळ धरून ठेवावी लागते, आणि उड्या खाली पाडणाऱ्या सॉमरसॉल्ट किकसाठी खालची. म्हणजे गाइल ज्या क्षणी पुढे चालतो, त्या क्षणी त्याच्या हातात बूमही नसतो आणि किकही नसते. चांगला गाइल बूम फेकून त्याच्या मागोमाग चालत येतो, कारण त्याला जागा हवी असते. तीच तुमची वेळ. अनेक झांगीफ खेळाडू बूम दिसला की उडतात, म्हणजे गाइल मागे सरकून, पूर्ण तयारीत बसलेला असताना उडतात, आणि किक खातात. त्याऐवजी बूम पॅरीने झेलावा, त्यातून ड्राइव्हही परत मिळते, आणि नजर बूमवर न ठेवता गाइलच्या पायांवर ठेवावी. हे मॅचअप मला झांगीफसाठी अवघड वाटते, पण त्यातली अवघड गोष्ट स्पष्ट आहे आणि तिचा सराव करता येतो.

जेपीचे प्रकरण वेगळे आहे, आणि तिथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. जेपी लांबूनच ब्लॉकचे कोडे घालतो. त्याच्या छायारूपी हल्ल्यांतला एखादा उभ्याने ब्लॉक करावा लागतो, एखादा बसून, आणि एक तर पकडणाराच असतो, जो ब्लॉक होतच नाही. पायाखालच्या जमिनीतून उगवणारे काटे वेगळेच. इतर पात्रांना अंतर ही विश्रांती असते, जेपीसमोर ती मिळत नाही. तैवानच्या उमा या खेळाडूने २०२४ मध्ये कॅपकॉम कप १० या स्पर्धेचे विजेतेपद जेपीवरच मिळवले होते, त्यामुळे त्याच्यापुढे त्रास होतो म्हणून स्वतःला किंवा झांगीफला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र एकदा जवळ पोहोचल्यावर जेपीला दूर ढकलू देणे हा इथला सर्वात मोठा गुन्हा आहे. इथे मी जास्त डॅमेजचा पर्याय सोडून, प्रतिस्पर्ध्याला कॉर्नरच्या जवळ ठेवणारा कमी डॅमेजचा पर्याय निवडतो. हा निर्णय टियर लिस्ट, म्हणजे पात्रांची ताकदीनुसार लावलेली यादी, सांगत नाही.

टियर लिस्टचाच विषय निघाला आहे तर तिचे योग्य स्थान सांगतो. ती उत्तम खेळाडूंच्या अनुभवाचा गोषवारा असते आणि मी ती आदराने वाचतो. पण ती सगळ्या मॅचअपची सरासरी सांगते, आणि तुम्ही एका वेळी एकच मॅचअप खेळता. सिंगापूरच्या शियानने २०१३ मध्ये इव्हो या वार्षिक स्पर्धा-मेळाव्यातली ‘स्ट्रीट फायटर ४’ मालिकेची स्पर्धा जेन या पात्रावर जिंकली, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या लुफीने ती रोझवर जिंकली. ही दोन्ही पात्रे त्या काळात विजेत्यांची नेहमीची निवड नव्हती. यावरून ‘कोणतेही पात्र चालते’ असा निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. जेन दोन वेगळ्या शैलींत लढतो आणि त्याच्याविरुद्ध सराव मिळणे कठीण असते. प्रतिस्पर्ध्याला सराव नसणे हेही त्या पात्राचे एक बळ होते. मात्र असे बळ प्रत्येक खेळलेल्या सामन्यागणिक थोडे थोडे झिजते. झांगीफ मालिकेतल्या सर्वात ओळखीच्या पात्रांपैकी आहे, त्यामुळे हा लाभ तुम्हाला जवळजवळ मिळणार नाही. मॅचअप तक्त्यात ‘६-४’ असे लिहिलेले दिसते, म्हणजे तुल्यबळ खेळाडूंमध्ये दहापैकी सहा सामने एकाचे. हे आकडे बहुधा मोजलेले नसतात, ती जाणकारांची मते असतात. आणि चार-सहाचे मॅचअप हे पात्र सोडण्याचे कारण होत नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: पकड हे खरे बळ आहे, पण ते भीतीतून वसूल होते, हेल्थ हे वाटते तेवढे मोठे बळ नाही, जवळ जाणे महाग आहे, अशक्य नाही, आणि पिछाडीवर असताना घड्याळ तुमच्या विरुद्ध असते.

पात्र बदलण्याचा निर्णय तुम्ही आज घेऊ नये असे मला वाटते. आधी गाइलविरुद्ध आणखी वीस सामने खेळा आणि तीसही सामन्यांचे रिप्ले पाहताना प्रत्येक फेरीसाठी तीनच गोष्टी कागदावर नोंदवा: पकडीच्या अंतरात तुम्ही किती वेळा पोहोचलात, तिथे पोहोचायला काय खर्च झाले, आणि पोहोचल्यावर कोणता पर्याय निवडलात. जिंकलेल्या फेऱ्याही नोंदवा, कारण समोरच्याने उडायलाच हवे होते आणि तो उडाला नाही म्हणून जिंकलेली फेरी तुमच्या खात्यात जमा करता येत नाही. फेरीत तीन-चार वेळा जवळ पोहोचत असाल आणि तरी हरत असाल, तर दोष निवडीत आहे आणि तो सुधारेल. दोन पट्ट्यांच्या आत एकदासुद्धा पोहोचता येत नसेल, आणि वरच्या पातळीवरच्या झांगीफ खेळाडूंच्या रिप्लेमध्येही त्याच मॅचअपमध्ये तेच दिसत असेल, तर ती पात्राची मर्यादा आहे. अशा वेळी झांगीफ कायम ठेवून केवळ त्या एक-दोन मॅचअपसाठी प्रोजेक्टाइल (लांबून फेकायचा हल्ला) असलेले दुसरे पात्र शिकणे मला योग्य वाटते. ते शिकायला घेतलेत, तरी पहिला महिना त्याला रँक्डमध्ये नेऊ नका. गाइल खेळणारा एखादा ओळखीचा सोबती गाठा आणि त्याच्याशी सलग दहा विजयांपर्यंतचे लांब सामने खेळा. अशा सामन्यांत सातव्या-आठव्या डावापर्यंत दोघांच्याही युक्त्या उघड्या पडलेल्या असतात, आणि त्यानंतर पात्राकडे जे उरते तेच तुम्हाला मोजायचे आहे.